आपल्या मंडळीच्या जुन्या कागदांत अमेरिकेची यादवी कशी शोधायची (खास कोल्हापूरवाल्यांसाठी)

मागच्या वर्षी मंडळीच्या वर्धापनदिनाला पाळकसाहेबांनी मला सांगितलं, वीस मिनिटं इतिहासावर बोल. मी नेहमीचंच बोललो. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, शाळा काढल्या, १८५७ ला तब्येतीमुळं अमेरिकेला गेले, १८६१ ला परत आले, टाळ्या. खाली उतरून चहाचा कप हातात घेतला तोवर नववीतली एक पोरगी आली आणि म्हणाली, "काका, १८६१ ला तर अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं ना? मग ते घर पेटलेलं सोडून इकडं कसे आले? आणि त्यांच्या तिकडच्या चर्चचं काय झालं?"

मला उत्तर आलं नाही. चाळीस वर्षं त्याच बाकावर बसतोय, दर वर्धापनदिनाला तीच चार वाक्यं ऐकतोय, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायचं डोक्यात आलंच नव्हतं. त्यानंतर सहा-सात महिने मी ह्याच्यातच होतो, घरचे वैतागले. आता दोन-तीन मंडळ्यांमधून विचारणा आली की आम्हालाही असं करायचंय, कुठनं सुरू करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी काही प्राध्यापक नाही, बँकेतनं रिटायर झालेला माणूस आहे, त्यामुळं हिशेबाच्या बाजूनं जास्त बघतो, ते चालवून घ्या.

पहिलं काम, एक मोठी वही घ्या, मोबाईल नको. मधोमध रेघ मारा. डावीकडं "तिकडं", उजवीकडं "इकडं", आणि कडेला फक्त साल. बाकी काही लिहायची घाई करू नका. माझ्या वहीतल्या पहिल्या ओळी सांगतो म्हणजे लक्षात येईल.

१८५७, तिकडं न्यू स्कूल प्रेस्बिटेरियन लोकांत (प्रेस्बिटेरियन पंथातला एक गट, पुढं सांगतो) गुलामगिरीवरनं फूट पडली, दक्षिणेकडचे बाहेर पडले. इकडं ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली, पुढं चिमासाहेब महाराजांना कराचीला नेलं. १८६१, तिकडं १२ एप्रिलला फोर्ट सम्टरवर तोफा सुरू, इकडं वायल्डरसाहेब परत. १८६३, तिकडं १ ते ३ जुलै गेटिसबर्गची मोठी लढाई, इकडं बरोबर महिन्यानं २ ऑगस्टला कोल्हापुरात वायल्डरांना मुलगा झाला, रॉबर्ट. हाच रॉबर्ट पुढं १८८६ च्या सुमाराला अमेरिकेत विद्यार्थ्यांना मिशनरी व्हायला तयार करणारी ती मोठी स्टुडंट व्हॉलंटियर चळवळ उभी करण्यात पुढं होता. आपल्या गावात जन्मलेलं पोरगं, आणि आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे सांगा. १८६५, तिकडं एप्रिलात युद्ध संपलं, इकडं १ जुलैला मुंबईचा शेअर बाजार आपटला. १८७०, तिकडं उत्तरेतले दोन प्रेस्बिटेरियन गट एक झाले, इकडं कोल्हापूर मिशन त्यांच्या बोर्डाकडं गेलं, आणि त्याच साली ३० नोव्हेंबरला आपले राजाराम महाराज फ्लोरेन्सला वारले.

एवढ्या पाच ओळी झाल्या की तुम्हाला आपोआप प्रश्न पडायला लागतात. मला १८७० च्या ओळीनं झोपू दिलं नाही, ते पुढं सांगतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, तारखा जुळवताना बातमी पोचायचा वेळ धरा. तेव्हा सुएझ कालवा नव्हता (तो १८६९ च्या नोव्हेंबरात उघडला), टपाल इजिप्तमधून जमिनीवरनं आणि परत बोटीनं यायचं, अटलांटिकखालची तारसुद्धा नीट सुरू झाली १८६६ ला. अमेरिकेतनं पत्र कोल्हापुरात यायला साधारण दीड-दोन महिने धरून चाला. म्हणजे रॉबर्टचं बारसं झालं असेल तेव्हा गेटिसबर्गला किती मेले हे त्याच्या आईबापाला कदाचित कळलंही नसेल. जुलैच्या पत्रात युद्धाचा उल्लेख नाही म्हणून "साहेबांना काही पडलेलं नव्हतं" असा निष्कर्ष काढू नका, सप्टेंबरचं पत्र बघा.

दुसरं काम, फुटी समजून घ्या. इथं सगळे गोंधळतात कारण आपण सरसकट "अमेरिकन मिशन" म्हणतो. तिकडं एक अमेरिका नव्हती आणि एक मंडळीही नव्हती. कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला खरंतर अवघड जाऊ नये, आपलं गावच भाऊबंदकीतनं राजधानी झालंय. सातारची गादी आणि कोल्हापूरची गादी, १७३१ चा वारणेचा तह, नदीच्या अलीकडं आमचं पलीकडं तुमचं. घराणं एक, रक्त एक, गाद्या दोन. अमेरिकेतल्या चर्चांचं अगदी हेच झालं, फक्त तिथं वारणेच्या जागी गुलामगिरी होती.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) देश फुटायच्या आधी चर्च फुटली. मेथडिस्ट १८४४ ला, कारण एका बिशपच्या घरात बायकोकडनं गुलाम आले होते आणि उत्तरेकडचे म्हणाले हे चालणार नाही. बाप्टिस्ट १८४५ ला, कारण गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी म्हणून पाठवायचा का, ह्यावर भांडण. हे वाचून मी जरा वेळ वही मिटून बसलो. म्हणजे "मिशनरी कोण होऊ शकतो" ह्या प्रश्नावरनं अमेरिकेतला एक फार मोठा पंथ दुभंगला, आणि आपण इथं मिशनरी म्हणजे आभाळातनं पडलेला माणूस समजत होतो.

प्रेस्बिटेरियन लोकांचं जरा किचकट आहे पण आपल्याला तेच लागतं, तेव्हा नीट बघा. ते आधी १८३७ लाच ओल्ड स्कूल आणि न्यू स्कूल असे फुटले होते. त्याला धर्मशास्त्राची, कारभाराची कारणं होती, गुलामगिरी त्यातलं एक. मग न्यू स्कूलमधनं दक्षिणेकडचे १८५७ ला निघाले. ओल्ड स्कूलवाले मात्र शेवटपर्यंत एकत्र राहिले, १८६१ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे तोफा सुरू झाल्यावरसुद्धा. मग फिलाडेल्फियाच्या जनरल असेंब्लीत (म्हणजे पंथाच्या सगळ्यात वरच्या सभेत) न्यूयॉर्कच्या गार्डिनर स्प्रिंग नावाच्या म्हाताऱ्या पाळकानं ठराव आणला की मंडळीनं केंद्र सरकारशी निष्ठा जाहीर करावी. ठराव पास झाला, दक्षिणेकडचे गेले, आणि ४ डिसेंबर १८६१ ला जॉर्जियातल्या ऑगस्टा गावात त्यांनी स्वतःची वेगळी मंडळी स्थापन केली. ओल्ड स्कूलच्या फॉरेन मिशन बोर्डाचे एक सेक्रेटरी जॉन लेटन विल्सन न्यूयॉर्कची खुर्ची सोडून दक्षिणेला गेले आणि तिकडच्या मिशनचं काम बघायला लागले. ऑफिस एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला. सहकारी संस्थेत फूट पडल्यावर शिक्का कुणाकडं आणि चेकबुक कुणाकडं हे ज्यानं बघितलंय त्याला हे चित्र लगेच दिसेल.

आता आपली गोष्ट. वायल्डर आले ते अमेरिकन बोर्डाकडनं, म्हणजे १८१० ला स्थापन झालेली ती जुनी संस्था, जिचं मराठी मिशन मुंबईत १८१३ पासनं होतं. तिच्यात मुख्यतः काँग्रिगेशनल लोक (ज्यांच्यात प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते), आणि सोबत न्यू स्कूल प्रेस्बिटेरियन. १८६१ ला वायल्डर परत आले ते बोर्डाशी संबंध तुटल्यावर, स्वतंत्र, ओळखीपाळखीच्या लोकांच्या देणग्यांवर. आणि इथं पहिला खड्डा आहे, मी त्यात पडलोय म्हणून सांगतो. मी लगेच वहीत लिहून टाकलं, "युद्धामुळं बोर्डाचे पैसे संपले, वायल्डरांना सोडलं." चूक. ते भांडण युद्धाच्या आधीचं आणि शाळांवरनं. बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ ला हिंदुस्थानात येऊन गेले, त्यांचं मत शाळांवर, खासकरून इंग्रजी शाळांवर एवढा जोर नको, उपदेश करा, देशी मंडळ्या उभ्या करा. वायल्डर शाळावाले. पटलं नाही. झालं. तेव्हा सालं जुळली म्हणून कारण जुळलंच असं नसतं, वहीत कारणाचा रकाना ठेवूच नका सुरुवातीला, नाहीतर हात शिवशिवतात.

पण १८७० चं कारण मात्र युद्धाशी जातं, आणि हे मला सापडलं तेव्हा रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं (ती काय म्हणाली ते लिहीत नाही). बघा, दक्षिणेकडचे दोन्ही गटांतनं निघून गेले होते. उत्तरेत उरलेले ओल्ड स्कूल आणि न्यू स्कूल, दोघांनी चार वर्षं एकाच बाजूनं पोरं पाठवली, एकाच बाजूनं प्रार्थना केल्या, एकाच प्रकारची थडगी बांधली. जुन्या भांडणाची धार गेली. १८६९ च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गला एकीवर शिक्का बसला, मे १८७० ला फिलाडेल्फियाला पहिली एकत्र असेंब्ली भरली. आणि मग न्यू स्कूलवाल्यांनी अमेरिकन बोर्डातनं अंग काढलं, कारण आता एकत्र मंडळीचं स्वतःचं फॉरेन बोर्ड होतं. त्या बोर्डानं त्याच सुमाराला वायल्डरांचं कोल्हापूरचं काम ताब्यात घेतलं. म्हणजे आपण प्रेस्बिटेरियन झालो त्याच्या मागं तिकडची फूट आणि तिकडचा समेट दोन्ही आहेत. पुढचं सांगली, मिरज, मिरजेचं हॉस्पिटल, सगळं ह्याच बोर्डाच्या खात्यावर.

म्हणून नियम एकच, कुठलाही जुना कागद हातात आला, पावती असो, दगडावरची पाटी असो, बायबलच्या आतलं लेबल असो, आधी बोर्डाचं पूर्ण नाव आणि साल बघा. "अमेरिकन बोर्ड" आहे की "प्रेस्बिटेरियन बोर्ड" आहे, ह्यावरनं तो कागद वहीत कुठं बसतो ते ठरतं. नुसतं "मिशन" लिहिलेलं असेल तर तो कागद बाजूला ठेवा, शेवटी बघू.

तिसरं, पैसा. हा माझा विषय, त्यामुळं इथं जरा रेंगाळतो. युद्धाचा मिशनवर परिणाम बघायचा असेल तर प्रवचनं वाचण्याआधी हिशेब वाचा. १८६२ पासनं अमेरिकेत कागदी नोटा आल्या, ग्रीनबॅक, ज्यांच्या मागं सोनं नव्हतं. भाव घसरत गेला. जुलै १८६४ ला तर १०० डॉलरचं सोनं घ्यायला २८५ कागदी डॉलर लागायला लागले. आता मिशनरीला पैसे पाठवायचे ते पौंडांच्या हुंडीनं, म्हणजे सोन्याच्या भावानं. तिकडच्या एखाद्या खेड्यातल्या भगिनी मंडळानं लोणची-मुरंबे विकून १०० कागदी डॉलर जमवले, तर इकडं पोचताना त्याचे ३५ सुद्धा जेमतेम. देणाऱ्यानं हात आखडला नाही तरी घेणाऱ्याच्या हातात तिसरा हिस्सा.

आणि त्याच वेळी इकडं काय चाललंय? अमेरिकेच्या दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं अडवली, कापूस बंद, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी, आणि सगळे धावले मुंबईकडं. कापसाला सोन्याचा भाव. मुंबई वेडी झाली, सट्टेवाले प्रेमचंद रायचंद, बॅकबे कंपनीचे शेअर, ते सगळं तुम्हाला माहीतच आहे. आपल्या बाजूला धारवाडकडं अमेरिकन जातीचा कापूस पेरला जायचाच, शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हे तो पैसा खेळला, पण धान्य महागलं, मजुरी चढली, कापड महागलं. ठरलेल्या पगारावर जगणारा माणूस, मग तो मास्तर असो, पंतोजी असो, बायबल वाचून दाखवणारा असो, तो मेला. तेव्हा १८६२ ते ६५ मधल्या कुठल्याही मिशन रिपोर्टात "महागाई", "शिक्षक सोडून गेला", "शाळा बंद करावी लागली" असं दिसलं की त्याला पेन्सिलनं खूण करा. हीच तुमची यादवी. तोफ कुठं दिसणार नाही, मास्तर नोकरी सोडून कापसाच्या व्यापाऱ्याकडं गेलेला दिसेल.

चौथं, "त्यांच्या तिकडच्या चर्चचं काय झालं" हा त्या पोरीचा प्रश्न. ह्यासाठी मी पाच गोष्टींचे धागे पकडले आणि प्रत्येकाला एक-दोन खरी उदाहरणं शोधली. इमारत, घंटा, किल्ली, प्रार्थना, आणि मागच्या बाकावरची माणसं. ह्यापेक्षा जास्त घेऊ नका, ऐकणारे झोपतात.

इमारतीचं सोपं. गेटिसबर्ग गावातली जवळपास सगळी चर्च तीन दिवसांत हॉस्पिटलं झाली, बाकांवर फळ्या टाकून जखमी झोपवले, लुथरन चर्चच्या पायऱ्यांवर एक लष्करी पाळकच गोळी लागून मेला. अँटीटमचं उदाहरण मला जास्त लागलं. १७ सप्टेंबर १८६२, एका दिवसात मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून सुमारे २३,००० माणसं, आणि मैदानाच्या मधोमध एक छोटं पांढरं चर्च, त्याला मनोरासुद्धा नाही. ते डंकर लोकांचं, जे युद्धच मानत नाहीत, शस्त्र हातात घेणं पाप समजतात. त्यांच्याच भिंतीत गोळे घुसले.

घंटेचं असं की दक्षिणेच्या एका सेनापतीनं १८६२ ला आवाहन केलं, तोफा ओतायला पितळ नाही, चर्चच्या घंटा द्या. बऱ्याच मंडळ्यांनी दिल्या. आपल्या चर्चची घंटा उतरवून कुणी तोफ करायला मागितली तर आपली पंच कमिटी काय करेल असा प्रश्न मी भाषणात विचारला, तर दोन वडील खरंच विचारात पडले.

किल्लीची गोष्ट ऐका. उत्तरेच्या फौजा दक्षिणेत घुसत गेल्या तसा १८६३ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या युद्धखात्यानं हुकूम काढला, जिथं दक्षिण मेथडिस्टांचा पाळक निष्ठावान नाही तिथली चर्च उत्तर मेथडिस्टांच्या बिशपच्या ताब्यात द्या. म्हणजे सैनिक येऊन किल्ली घेणार आणि भावाला देणार. युद्ध संपल्यावर हेच भांडण सगळ्यात जास्त चिघळलं. दोन्ही मेथडिस्ट एकत्र यायला १९३९ उजाडलं. मंडळीच्या मालमत्तेचे वाद आपल्याकडं कमी नाहीत, त्यामुळं हे सांगताना कुणाकडं बघू नका, छताकडं बघा.

प्रार्थनेचा धागा मला सगळ्यात जवळचा वाटतो. एपिस्कोपल लोकांच्या (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) छापील उपासनेत राष्ट्राध्यक्षासाठी प्रार्थना आहे. आता कुठल्या? लिंकनसाठी की दक्षिणेच्या जेफरसन डेव्हिससाठी? फेब्रुवारी १८६२ ला व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात एका पाळकानं ती प्रार्थना गाळली म्हणून भर उपासनेत सैनिकांनी त्याला धरून बाहेर नेलं. अलाबामात तर युद्ध संपल्यावर, सप्टेंबर १८६५ ला, एका जनरलनं हुकूम काढून राज्यातल्या सगळ्या एपिस्कोपल पाळकांचं काम थांबवलं, कारण बिशपनं सांगितलं होतं की लष्करी राजवट आहे तोवर ती प्रार्थना म्हणू नका. काही महिन्यांनी वरनं तो हुकूम मागं घ्यावा लागला. एका वाक्यासाठी एवढं. आणि ४ मार्च १८६५ ला लिंकननं दुसऱ्या शपथविधीला हेच बोलून दाखवलं होतं, दोन्हीकडचे एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात, आणि एकमेकांविरुद्ध त्याची मदत मागतात. सहा आठवड्यांत त्याला गोळी लागली, तो दिवस गुड फ्रायडे होता. त्या रविवारच्या पुनरुत्थानाच्या उपासनेत अमेरिकेतल्या पाळकांनी काय बोलायचं हे शनिवारी रात्री बदललं असणार, ते आपल्या कुठल्याही पाळकाला विचारा, तो सांगेल अंगावर काटा येतो म्हणून.

आणि मागच्या बाकावरची माणसं. युद्धाआधी दक्षिणेतल्या पुष्कळ चर्चमध्ये गुलाम वरच्या गॅलरीत किंवा मागं बसायचे, आणि पाळक त्यांना सेवकांनी धन्याचं ऐकावं एवढंच वचन सांगायचा. खरी उपासना ते रात्री रानात, झुडपांच्या आडोशाला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात करायचे. १८६५ नंतर ही माणसं उठली आणि निघाली. मारून नाही, भांडून नाही, नुसती उठून. डॅनियल पेन नावाचे काळ्या मेथडिस्टांचे बिशप, चार्ल्सटनचे, त्यांची शाळा कायद्यानं बंद पाडली म्हणून १८३५ ला गाव सोडलेलं, ते बरोबर तीस वर्षांनी मे १८६५ ला परत आले आणि तिथं आपल्या मंडळीची घडी बसवली. १८७० ला टेनेसीतल्या जॅक्सनला आणखी एक स्वतंत्र काळी मेथडिस्ट मंडळी निघाली. परत १८७०, बघा. माझ्या मते त्या युद्धानं अमेरिकेच्या धर्मजीवनात सगळ्यात मोठा बदल केला तो हा, बाकी फुटी आणि समेट गोऱ्यांच्या घरातले. भाषणात ह्याला निम्मा वेळ द्या. आपल्या मंडळीत कोण कुठल्या वस्तीतनं आलं, कुणाच्या पणजोबाला कुठल्या विहिरीवर जाऊ देत नव्हते, हे सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. ह्या भागाला हॉलमध्ये जी शांतता होते तशी दुसऱ्या कशाला होत नाही.

मेलेल्यांचा आकडा जुना ६,२०,००० सांगतात, नंतरच्या अभ्यासात ७,५०,००० च्या आसपास. एकदाच सांगा आणि पुढं जा.

आता कागद कुठं बघायचे. घरबसल्या सुरुवात करायची तर आर्काईव्ह डॉट ऑर्ग आणि हाथीट्रस्ट ह्या साईटवर अमेरिकन बोर्डाच्या मिशनरी हेरल्ड मासिकाचे जुने अंक स्कॅन करून ठेवलेत, फुकट. शोधताना स्पेलिंगचा घोळ आहे, कोल्हापूर तेव्हा "कोलापूर" लिहायचे, एच शिवाय. हे कळायला मला तीन आठवडे गेले, तुमचे वाचवतो. मूळ कागद बोस्टनजवळ हार्वर्डमध्ये आणि फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत, ईमेल नम्र आणि नेमका लिहा, "कोल्हापूरबद्दल सगळं पाठवा" असं नको, साल आणि माणूस सांगा.

मराठीत ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक, १८४२ पासनंचं, त्या काळातला आपल्या लोकांचा आवाज तिथं मिळतो. गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० चं, म्हणजे वायल्डरांपेक्षा दोन वर्षांनी थोरलं. विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहे, आणि संस्थानचे कागद पुराभिलेखागारात, तिथं मोडी वाचणारा माणूस सोबत असेल तर फार बरं. शाळांना दरबारनं काय दिलं, काय नाही दिलं, ते तिकडं बघायचं.

मंडळीच्या कपाटाचं मात्र नाजूक काम आहे. एका ठिकाणी मला रजिस्टर दाखवायला साफ नकार मिळाला, कोर्टात काहीतरी चालू होतं आणि त्यांना वाटलं मी कुणाचा तरी माणूस. तेव्हा आधी पंच कमिटीला लेखी अर्ज द्या, कपाट त्यांच्या माणसानंच उघडायचं, तुम्ही फक्त फोटो काढणार, पान बाहेर जाणार नाही, हे अर्जातच लिहा. बाप्तिस्मा रजिस्टर उघडलं की नावांच्या मागं लागू नका, लोकांच्या खाजगी गोष्टी असतात त्यात, दत्तक, लग्नाआधीची मुलं, सगळं. आपल्याला आकडे हवेत, कुठल्या साली किती बाप्तिस्मे, कुठल्या साली पाळकाची सही बदलली. हात धुऊन कोरडे करा, लॅमिनेशनवाल्याला पान दाखवूसुद्धा नका, सेलोटेप लावणाऱ्याला तर हात जोडा.

म्हाताऱ्या माणसांना भेटायला दुपारी चारनंतर जा, सलाम करून बसा, आणि लगेच मोबाईल रेकॉर्डिंगला लावू नका. "यादवी युद्ध" विचारलंत तर कुणी काही सांगणार नाही, ते त्यांच्या पणजोबाच्याही आधीचं. "मिशनचा पगार कुठनं यायचा", "साहेब लोकांत आपापसात भांडणं असायची का" असं विचारा, मग गाडी सुटते. एका ऐंशीच्या आजींनी मला सांगितलं की त्यांच्या आजीला मडम सांगायची, आमच्याकडं पण दोन जाती आहेत बाळ, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या. खरं खोटं तपासता येत नाही, वहीत वेगळ्या रंगानं लिहिलंय.

बोलायच्या दिवशी वीस मिनिटं म्हणजे वीस. नकाशा एकच दाखवा. शेवटी मी लोकांना एवढंच सांगितलं की अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण प्रेस्बिटेरियन मंडळ्या परत एक झाल्या त्या १९८३ ला, अटलांटात, १२२ वर्षांनी. आणि त्यांच्याच लेकरांनी, म्हणजे आपण, हिंदुस्थानात १९२४ लाच काँग्रिगेशनलवाल्यांशी एकी केली, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला आणखी मोठी, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आई-बापाच्या आधी पोरं एकत्र आली. त्याच्यानंतर आपण काय काय केलं ते इथं नको.

त्या दिवशी मागं एक परदेशी विद्यार्थी बसला होता, विद्यापीठात शिकतो, उपासनेला येतो, मराठी त्याला जेमतेम. त्याच्या देशात त्याच्या लहानपणी यादवी झाली. कुणीतरी उत्साहात त्याला माईक द्यायला निघालं, मी थांबवलं. असं कधीही करू नका, कुणाच्या घरचं जळकं सगळ्यांसमोर उकरायचं नसतं. नंतर मिसळ खाताना तो स्वतःच म्हणाला, आमच्या चर्चमध्ये तीन वर्षं राष्ट्राध्यक्षाच्या प्रार्थनेला पाळक नाव घ्यायचा नाही, नुसतं "आमचे राज्यकर्ते" म्हणायचा, आणि सगळे आपापल्या मनात आपापलं नाव भरायचे. मी पाव बाजूला ठेवून त्याला विचारलं हे वहीत लिहू का. तो म्हणाला, गावाचं नाव नको. गावाचं नाव लिहिलेलं नाही.

आणि ती नववीतली, आता दहावीत, तिला मी वहीची झेरॉक्स दिली आहे, ती आता १८६६ ते ६९ च्या ओळी भरतेय, जिथं माझ्याकडं अजून कोरं आहे. फोटोंचे दोन पेनड्राईव्ह करा, एक कमिटीकडं, एक गावाबाहेरच्या कुणाकडं. आणि मूळ रजिस्टरं कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायला सांगा, २०१९ ला महापुराचं पाणी कुठवर आलं होतं ते बघून.